प्रत्यारोपण यशस्वी, पण लघवीत रक्त : एका रेंगाळलेल्या प्रश्नाचा आढावा

बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये सर्वांत धास्तीचे दिवस पहिले दोन-तीन आठवडे. रुग्णाची जुनी अस्थिमज्जा जबर औषधांनी नाहीशी केलेली असते, दात्याची नवी अजून रुजलेली नसते आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात. मग एक दिवस काउंट वर येऊ लागतात, डॉक्टर ‘एन्ग्राफ्ट झाले’ म्हणतात आणि घरचे घरी जायच्या तयारीला लागतात. काही रुग्णांना नेमके याच सुमारास, म्हणजे साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात, लघवीला जळजळ सुरू होते. उन्हाळे लागले असतील, अशी घरच्यांची समजूत होते. दोन दिवसांत लघवी लालसर होते, मग तिच्यातून रक्ताच्या गुठळ्या येऊ लागतात, दर दहा-पंधरा मिनिटांनी कळ येते आणि कुथून थेंबभर काहीतरी बाहेर पडते. प्रत्यारोपण यशस्वी झालेला रुग्ण पुन्हा आठवडेच्या आठवडे खाटेला खिळतो.

वैद्यकीय पुस्तकांत याला रक्तस्रावी मूत्राशयदाह म्हणतात. वॉर्डात मात्र सगळे ‘एचसी’ एवढेच म्हणतात. दुसऱ्या कुणाची मज्जा घेतलेल्या रुग्णांत तो नवलाचा नाही. किती जणांना होतो याचे आकडे केंद्रागणिक, औषधांगणिक आणि व्याख्येगणिक इतके बदलतात की कुठलाही एक आकडा छापणे म्हणजे वाचकाची दिशाभूल. दहातल्या एक-दोघांपासून अर्ध्या रुग्णांपर्यंतची प्रमाणे अहवालांत सापडतात. तरीही प्रत्यारोपणाआधीच्या समुपदेशनात फुप्फुस, यकृत, आतडी, त्वचा यांच्यावर तासभर बोलले जाते आणि लघवीच्या पिशवीचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. हा आजार सहसा जीव घेत नाही, हे त्याचे कारण असावे. पण ज्याने तो भोगला त्याला विचारा. अख्ख्या प्रत्यारोपणातले सर्वांत वाईट दिवस कोणते, याचे उत्तर बरेच रुग्ण हेच देतील.

या आजाराच्या इतिहासाचे पहिले प्रकरण विषाणूंचे नाही, औषधाचे आहे. सायक्लोफॉस्फमाइड हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झालेले औषध मज्जा प्रत्यारोपणाचा एक कणा बनले. शरीरात त्याचे विघटन होताना अॅक्रोलिन नावाचा दाहक पदार्थ तयार होतो, तो मूत्रपिंडातून गाळला जाऊन मूत्राशयात साठतो आणि आतले अस्तर अक्षरशः भाजून काढतो. एकेकाळी या भाजण्यामुळे रुग्ण औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवसांतच रक्त लघवी करू लागत. इटलीतल्या पेझारो येथे १९८० च्या दशकात थॅलेसेमियाच्या मुलांसाठी जी पद्धत रूढ झाली, तिच्यात या औषधाची एकूण मात्रा दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम होती. म्हणजे वीस किलोच्या मुलाला चार ग्रॅम. मूत्राशयाला एवढा मारा सोसणे कठीणच.

यावर दोन तोडगे निघाले आणि दोन्ही टिकले. पहिला पाण्याचा : शिरेतून भरपूर सलाइन देऊन लघवी सतत वाहती ठेवायची, म्हणजे अॅक्रोलिनला अस्तराशी लगट करायला वेळच मिळत नाही. दुसरा मेस्नाचा : हे औषध लघवीत जाऊन अॅक्रोलिनला बांधून टाकते. या दोन उपायांनंतर औषध दिल्याबरोबर होणारा रक्तस्राव बराच आटोक्यात आला. प्रश्न संपला असे वाटण्याजोगी परिस्थिती होती. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला रक्तस्राव थांबेना. तोपर्यंत सायक्लोफॉस्फमाइडचा शरीरात मागमूसही उरलेला नसतो. मग हे रक्त कशाचे?

उत्तराचा धागा दुसऱ्याच अवयवाच्या प्रत्यारोपणातून आला. १९७१ साली लंडनच्या सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये एका नव्या विषाणूची नोंद केली. मूत्रपिंड बदललेल्या एका सुदानी रुग्णाच्या लघवीत तो सापडला होता आणि त्या रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच त्याला बीके म्हणू लागले. त्याच साली त्याचा भाऊबंद जेसी विषाणू अमेरिकेत एका मेंदूविकाराच्या रुग्णात सापडला आणि त्यालाही आद्याक्षरांचेच नाव मिळाले. बीके हा पॉलिओमा कुळातला छोटा विषाणू आहे. जनुकीय मजकूर जेमतेम पाच हजार अक्षरांचा. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो, पण काही जाणवत नाही. प्रौढांपैकी ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. नंतर तो मूत्रपिंडाच्या नलिकांत आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात मुक्काम ठोकून जन्मभर राहतो. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या अंगात तो या क्षणी असणार, आणि त्याने काही बिघडत नाही.

१९८६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या लघव्या सातत्याने तपासून दाखवले की, लांबणारा रक्तस्राव आणि लघवीतला बीके यांची गाठ आहे. तेव्हापासून उशिराच्या एचसीचा मुख्य आरोपी बीके ठरला आणि आजही तोच आहे.

इथे मात्र सावध व्हायला हवे. दुसऱ्याची मज्जा घेतलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या लघवीत बीके सापडतो आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच रक्तस्राव होत नाही. जागेवर सापडला म्हणून चोर ठरवता येत नाही, कारण हा गडी तर नेहमी त्याच घरात राहणारा. म्हणून नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ अहवालाला अर्थ नसतो. प्रमाण पाहावे लागते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या ईसीआयएल या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी तीन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत : मूत्राशयाच्या दाहाची लक्षणे, डोळ्यांना दिसणारे रक्त आणि लघवीच्या दर मिलिलिटरमागे विषाणूच्या एक कोटीहून जास्त प्रती. तिन्ही असतील तरच ठपका बीकेवर. व्यवहारात काय होते? खासगी प्रयोगशाळेचा पीसीआर अहवाल मोठा आकडा घेऊन येतो, नातेवाईक तो मोबाईलवर सगळ्यांना पाठवतात आणि आकड्यावर औषध द्या असा आग्रह सुरू होतो. काही वेळा डॉक्टरही त्या आकड्याला घाबरतात.

मग विषाणूचा वाटा नेमका किती? आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली मांडणी तीन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर बुसल्फान, सायक्लोफॉस्फमाइड किंवा किरणोपचार यांनी मूत्राशयाचे अस्तर जखमी होते. दुसरीवर प्रतिकारशक्ती नसल्याने बीके त्या जखमी अस्तरात बेसुमार वाढतो. तिसऱ्या पायरीवर नवी मज्जा रुजते, नव्या लिम्फोसाइट पेशी येतात, त्यांना विषाणूने भरलेल्या पेशी दिसतात आणि त्या त्यांच्यावर तुटून पडतात. रक्त वाहते ते बहुधा या तिसऱ्या पायरीवर. म्हणून तर काउंट वर येण्याच्या सुमारास हा आजार उफाळतो, काउंट शून्यावर असताना नाही. दात्याच्या पेशी रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करतात तो विकार, म्हणजे जीव्हीएचडी, ज्यांना होतो त्यांच्यात एचसीही जास्त दिसतो, हेही या मांडणीत बसते. तीन पायऱ्यांपैकी एकही पुरेशी नाही, तिन्ही जुळाव्या लागतात. माझ्या मते उपचारांतला सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो : आपण तीन कारणांच्या आजारावर एका कारणाचे औषध शोधत राहिलो.

बीके एकटाच नाही. जपानमध्ये १९६० च्या दशकातच निरोगी मुलांमधल्या रक्तस्रावी मूत्राशयदाहात अॅडिनोव्हायरसचा अकरावा प्रकार सापडला होता आणि तिथल्या प्रत्यारोपण केंद्रांत पुढेही अॅडिनोव्हायरसमुळे होणाऱ्या एचसीचे प्रमाण इतर देशांपेक्षा जास्त नोंदले गेले. अॅडिनो हा बीकेपेक्षा धोकादायक पाहुणा. बीके बहुतेक वेळा मूत्रमार्गातच राहतो, पण अॅडिनो तिथून रक्तात आणि पुढे यकृतात, फुप्फुसात उतरू शकतो. लहान मुलांत आणि लिम्फोसाइट फारच कमी असलेल्या रुग्णांत तो जिवावर बेततो. म्हणून रक्त लघवी करणाऱ्या प्रत्यारोपित मुलाच्या तपासणीत अॅडिनोव्हायरस वगळणे ही चूक महागात पडू शकते. सायटोमेगॅलो विषाणू, ज्याला सगळे सीएमव्ही म्हणतात, मूत्राशयाला क्वचितच त्रास देतो. जेसी लघवीत सापडतो, पण एचसीत त्याचा हात असल्याचा पुरावा लंगडा आहे. आणि हे सगळे विषाणू शोधण्याच्या नादात साधा जिवाणू संसर्ग, खाली गेलेल्या प्लेटलेट्स, खडा किंवा बुरशी तपासायची राहू नये.

भारतात १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मज्जा प्रत्यारोपणाला सुरुवात झाली. आता टाटाचे हे काम खारघरच्या अॅक्ट्रेक या केंद्रात चालते. तेव्हा प्रत्यारोपण म्हणजे जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाची मज्जा. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन किंवा एकच मूल असलेल्या आजच्या कुटुंबात ही शक्यता आणखी रोडावते आणि नोंदणीकृत अनोळखी दात्यांमध्ये भारतीय वंशाचे दाते गरजेच्या मानाने थोडे. त्यामुळे अर्ध्या जुळणाऱ्या दात्याकडून, म्हणजे आई, बाप किंवा अपत्य यांच्याकडून केलेले ‘हॅप्लो’ प्रत्यारोपण आपल्याकडे झपाट्याने वाढले. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांपासून गुजराती लोहाणांपर्यंत ज्या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त, आणि विदर्भातल्या ज्या भागांत सिकलसेल घरोघरी, तिथल्या मुलांसाठी ही पद्धत म्हणजे नव्याने उघडलेले दार आहे.

पण या दाराची एक किंमत आहे. हॅप्लो शक्य झाले ते प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दिल्या जाणाऱ्या सायक्लोफॉस्फमाइडमुळे. हेही जॉन्स हॉपकिन्सचेच काम. प्रत्येक दिवशी किलोमागे ५० मिलिग्रॅम. न जुळणाऱ्या, चवताळलेल्या लिम्फोसाइट पेशी त्यात मरतात आणि मूळ पेशी त्यांच्यातल्या एका विकरामुळे तगतात. कल्पना सुरेख आहे. मात्र मूत्राशयाच्या दृष्टीने तोच जुना शत्रू नव्या वेळी पुन्हा दारात, आणि सोबत लिम्फोसाइटचा पुरता नायनाट. हॅप्लो रुग्णांत बीकेचा एचसी जास्त दिसतो, यात नवल नाही. मात्रा निम्म्यावर आणली तरी काम भागते का, याचे अभ्यास अमेरिकेत सुरू आहेत आणि सुरुवातीचे निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. मूत्राशयाच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचे संशोधन हेच वाटते, कारण ते पहिल्या पायरीवर घाव घालते.

आता उपचार. नागिणीच्या किंवा सीएमव्हीच्या विषाणूवर चांगली औषधे आहेत, मग बीकेवर का नाहीत? त्या विषाणूंकडे स्वतःची अवजारे असतात : डीएनए बनवणारे स्वतःचे विकर, औषधाला जागे करणारे स्वतःचे विकर. औषध त्या अवजारांवर नेम धरते. बीके इतका फाटका की त्याच्याकडे हे काहीच नाही. तो आपल्या पेशींचीच यंत्रणा वापरतो. त्याच्यावर मारलेला दगड आपल्यालाच लागतो. अॅसायक्लोव्हिर, गॅन्सिक्लोव्हिर म्हणूनच निरुपयोगी.

उरले सिडोफोव्हिर. एड्सच्या रुग्णांतल्या सीएमव्हीच्या डोळ्यांच्या आजारासाठी १९९६ साली अमेरिकेत मान्य झालेले हे औषध. जागे होण्यासाठी त्याला विषाणूची मदत लागत नाही, म्हणून बीकेवर ते वापरले गेले. कुणी आठवड्यातून एकदा भरपूर मात्रा देतात, मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी प्रोबेनेसिडसोबत. कुणी थोडी मात्रा वारंवार देतात, तर कुणी थेट मूत्राशयात सोडतात. अहवाल ढीगभर आहेत आणि बहुतेकांत रुग्ण सुधारल्याची नोंद आहे. अडचण एवढीच की तुलनेसाठी औषध न दिलेला गट जवळजवळ कुठेच नाही. आजार तीन-सहा आठवड्यांत बहुतेकांत आपोआप ओसरणारा असेल, तर चौथ्या आठवड्यात दिलेले कुठलेही औषध यशस्वी दिसणार. मूत्रपिंडाला होणारी इजा मात्र खरीखुरी. अॅडिनोव्हायरस रक्तात शिरला असेल तर सिडोफोव्हिर देण्याला आधार आहे. निव्वळ लघवीतल्या बीकेच्या आकड्यासाठी ते चालू करणे मला पटत नाही.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन या जिवाणूनाशक औषधाची गोष्ट अशीच. प्रयोगशाळेत ते बीकेची वाढ थोडी रोखते, म्हणून कित्येक केंद्रांत प्रतिबंधासाठी दिले जाऊ लागले. २०१४ साली कॅनडात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या १५४ रुग्णांवर त्याच्याच जातीच्या लिव्होफ्लॉक्सॅसिनची नीट चाचणी झाली. बीके कमी झाला नाही, औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र वाढले. ईसीआयएलने या औषधांचा बीकेसाठी वापर करू नये असे स्पष्ट म्हटले. आपल्याकडे जिवाणू औषधांना आधीच दाद देत नाहीत, तेव्हा हा सल्ला दुप्पट जोराने पाळायला हवा. लेफ्लुनोमाइड, मूत्राशयात सोडायचे हायालुरोनिक आम्ल, तुरटीचे द्रावण, फायब्रिन ग्लू, दाबाखालच्या प्राणवायूच्या कक्षातले उपचार यांची यादी लांब आहे आणि प्रत्येकाचा पुरावा आखूड. प्राणवायूच्या उपचारामागे निदान अस्तर भरून येण्याचा तर्क आहे, म्हणून त्याच्याबद्दल मी थोडा मवाळ आहे.

मूत्रपिंड प्रत्यारोपणात बीके वाढला तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करतात आणि ते बरेचदा पुरते. मज्जा प्रत्यारोपणात तसे सरसकट करता येत नाही. औषध कमी केले की जीव्हीएचडी डोके वर काढतो, मग स्टेरॉइड द्यावे लागते आणि विषाणू पुन्हा माजतो.

सर्वांत मोठी आशा होती ती पेशींची. दात्यांच्या रक्तातून विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी वाढवून गोठवून ठेवायच्या आणि गरज पडेल तेव्हा जुळणाऱ्या रुग्णाला द्यायच्या. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजातल्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेले निकाल डोळे दिपवणारे होते. बीकेच्या बहुतेक रुग्णांचा रक्तस्राव थांबला होता. हीच चीज पोझोल्यूसेल नावाने मोठ्या चाचण्यांत गेली. डिसेंबर २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या चाचण्या थांबवल्या गेल्या, कारण मधल्या आढाव्यात उद्दिष्ट गाठले जाण्याची शक्यता दिसेना. सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, फरकच पुरेसा पडत नव्हता. सिडोफोव्हिरबद्दल जे वर म्हटले तेच इथेही लागू असावे. तुलनेचा गट आला आणि आपोआप बरे होणाऱ्यांनी चमत्काराची धार बोथट केली. एवढ्यावर पेशी उपचार निकालात काढू नयेत. अॅडिनोने घेरलेल्या मुलांसाठी काही केंद्रांत ते आजही आधार आहेत. पण एचसीचे सर्वसाधारण उत्तर म्हणून त्यांच्याकडे सध्या पाहता येणार नाही.

म्हणजे आज रुग्णाला खरोखर काय तारते? जुनेच : पाणी, नळी, प्लेटलेट्स आणि वेदनेवर भरपूर औषध. गुठळ्या येऊ लागल्या की तीन तोंडांची जाड नळी घालून मूत्राशय सलाइनने सतत धुतात. ऐकायला सोपे, करायला जोखमीचे. गुठळीने बाहेरची वाट बंद झाली आणि आत जाणारे सलाइन चालूच राहिले तर पिशवी फुगते, रुग्ण कळवळतो, क्वचित ती फाटतेही. अशा वेळी आधी आतला प्रवाह बंद करायचा आणि मोठ्या सिरिंजने गुठळी ओढून काढायची. रात्री तीन वाजता हे काम मुख्य सल्लागार करत नाहीत, ड्युटीवरची सिस्टर करते. तिला ते शिकवलेले असणे आणि तिच्या वाट्याला सहा रुग्ण नसणे, यावर निकाल ठरतो. रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक आम्ल द्यायचा मोह टाळावा लागतो, कारण मूत्रमार्गात गुठळ्या घट्ट होऊन लघवी तुंबू शकते. न भागल्यास यूरॉलॉजिस्ट दुर्बिणीतून गुठळ्या काढतात, रक्तवाहिनी बंद करतात, कमरेतून मूत्रपिंडात नळी घालून लघवी वळवतात. मूत्राशय काढून टाकायची वेळ फार थोड्यांवर येते. मॉर्फिनच्या बाबतीत आपल्याकडे अजूनही हात आखडता घेतला जातो, विशेषतः मुलांच्या बाबतीत. ते क्रूर आहे.

घरच्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. उन्हाळ्यांवर धने, वाळा, सब्जा एरवी ठीक. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला बाहेरचे काहीही विचारल्याशिवाय देऊ नये, कच्चे तर नाहीच. डिस्चार्जनंतर लघवीला जळजळ झाली तर त्याच दिवशी फोन करावा, लघवी लाल व्हायची वाट पाहू नये. कंडिशनिंगच्या, म्हणजे जुनी मज्जा नाहीशी करणाऱ्या औषधांच्या, आधीच डॉक्टरांना विचारावे : आमच्या रुग्णाला कुठले औषध किती मिळणार, मेस्ना देणार का, लघवीत रक्त आले तर तुमच्याकडे रात्री यूरॉलॉजिस्ट असतात का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत कामाचा.

आणि एक विनंती, निरोगी वाचकांना. मूत्राशयातून रक्त वाहणाऱ्या रुग्णाच्या प्लेटलेट्स पन्नास हजारांच्या आसपास ठेवाव्या लागतात. कित्येकदा एक दिवसाआड, कधी रोज, नवी पिशवी लागते. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करता येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत दाते गावी जातात आणि वॉर्डातल्या नातेवाइकांची फोनाफोनी सुरू होते. यंत्रावर प्लेटलेट्स द्यायला साधारण दीड तास लागतो, तुमचे रक्त तुम्हाला परत मिळते आणि आपल्या नियमांप्रमाणे निरोगी माणूस वर्षातून २४ वेळा देऊ शकतो. जवळच्या रक्तकेंद्रात जाऊन एसडीपी (यंत्रावर प्लेटलेट्स देणारा) दाता म्हणून आपले नाव आणि फोन नंबर नोंदवून या.